हातातली सँडब्लास्ट गन, काचेवरची नक्षी आणि आपला पावसाळा

मांडवीतीर
नमस्कार मंडळी. देवघराच्या दोन दारांना काच बसवायची आहे, प्रत्येक पल्ला ४५ बाय ९० सेंमी. नक्षी सँडब्लास्टने, म्हणजे हवेच्या जोराने कठीण दाणे काचेवर मारून, काढायची: मध्ये समई, दोन्ही बाजूंनी जास्वंदीची वेल, माथ्यावर ॐ. चवथीआधी दारे लागायला हवीत, म्हणजे काम ऐन पावसातच होणार.

सामान असे आहे. कॉम्प्रेसर २ एचपी, ५० लिटर टाकी, डायरेक्ट मोटरवाला. पाटीवर ७ सीएफएम (मिनिटाला ७ घनफूट हवा) लिहिले आहे. गन सक्शनची, म्हणजे ग्रिट (खरवडणारे दाणे) स्वतः ओढून घेणारी, तिला खालून नळी आणि ग्रिटची बादली. आतले हवेचे जेट ३ मिमी, पुढचे सिरॅमिक नोझल ६ मिमी. ग्रिट ब्राऊन अल्युमिना, १२० नंबर. मास्कला, म्हणजे न खरवडायचा भाग झाकायला, बोर्डवाले वापरतात ते साधे विनाइल.

टाकाऊ काचेवर चाचणी घेतली तर पहिला मिनिटभर मारा छान, मग जोर उतरतो. पंधरा-वीस मिनिटांनी गन थुंकल्यासारखी थांबून थांबून ग्रिट टाकते. अक्षरांच्या कडा धूसर आल्या आणि ॐ वरचा बिंदू तर उडूनच गेला. काच दुकानदाराने ५ एमएम टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) सुचवली आहे. कुठे काय बदलू?

हवेचा_दाब
मिनिटभराचे कोडे आकडे मांडले की सुटते. सक्शन गनला किती हवा लागते ते पुढच्या नोझलवर ठरत नाही, आतल्या जेटच्या भोकावर ठरते. ६० पीएसआयला, म्हणजे आपल्या गेजवर साधारण ४.२ किलोला, २ मिमी जेट सुमारे ५ सीएफएम खाते, २.५ मिमी ८ आणि ३ मिमी ११ ते १२. पाटीवरचे ७ सीएफएम म्हणजे पिस्टनने झाडलेली जागा. प्रत्यक्षात बाहेर येणारी हवा त्याच्या ६५ ते ७५ टक्के, तेव्हा ५ धरा.

खर्च साडेअकरा, आवक पाच. ५० लिटरची टाकी ८ किलोवरून ४.२ वर उतरेपर्यंत जेमतेम १९० लिटर हवा देते, म्हणजे पावणेसात घनफूट. साडेसहाची तूट त्यावर एक मिनिट निघते, पुढे नाही. गन बिघडलेली नाही, तिच्या मागणीइतकी हवा तुमच्याकडे नाही एवढेच.

उपाय मोठा कॉम्प्रेसर हाच असे नाही. जेट २ मिमी आणि नोझल ४ मिमी करा. जेटच्या दुप्पट नोझल हे प्रमाण सक्शन गनला मानवते. मारा अरुंद होईल, वेळ जास्त लागेल, पण दाब शेवटपर्यंत एकसारखा राहील, आणि फ्रॉस्टला, म्हणजे काचेवरच्या दुधाळ खरखरीत पोताला, तेच हवे असते. जोर कमी-जास्त झाला की काचेवर ढगाळ पट्टे उमटतात. ते मागाहून बुजवायला गेले की अगोदरचा भाग जास्त खोल जातो.

अजून एक. दाब मोजायचा तो गनजवळ आणि ट्रिगर दाबलेला असताना. कॉम्प्रेसरवरचे गेज ६० दाखवते तेव्हा १० मीटर बारीक नळीच्या टोकाला त्यातले बरेच गळून गेलेले असते. आतून ८ ते १० मिमीची नळी घ्या आणि ती लागेल तेवढीच ठेवा.

दर्यावारो
वरच्या हिशेबाला अनुमोदन. गन थुंकते ते मात्र पाण्यामुळे, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हाच खरा शत्रू.

३० अंश आणि ९० टक्के दमटपणाच्या हवेत घनमीटरला सुमारे २७ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ७ किलोपर्यंत दाबून परत ३० अंशांवर आणली की मूळ घनमीटरमागे ४ ग्रॅमही वाफ तिच्यात मावत नाही. उरलेल्या २३ ग्रॅमचे पाणी होते. ५ सीएफएम म्हणजे तासाला साडेआठ घनमीटर, तेव्हा तासाभरात जवळजवळ २०० मिली, पेलाभर पाणी. जानेवारीच्या दुपारी, ५० टक्के दमटपणाला, हेच प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून हिवाळ्यात सुरळीत चाललेली गन आषाढात रुसते.

आता हे पाणी कुठे पडते ते पाहा. डायरेक्ट कॉम्प्रेसर तापट. पंधरा मिनिटे सलग चालला की टाकीतली हवाच गरम असते. गरम हवेत पाणी वाफ होऊनच राहते, टाकीबाहेर लगेच बसवलेल्या वॉटर सेपरेटरला ते सापडत नाही. पुढे नळीत हवा निवते, तिथे थेंब बनतात आणि थेट ग्रिटमध्ये जातात. सेपरेटर बसवूनही पाणी येते अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

क्रम असा लावा: टाकी, मग निववणारे वेटोळे, मग सेपरेटर, मग दाब उतरवणारा रेग्युलेटर, मग गन. वेटोळ्याला १० मिमीची तांब्याची नळी १० ते १२ मीटर, गुंडाळून पाण्याच्या बादलीत बुडवलेली. टाकीकडून वर आणि सेपरेटरकडे खाली उतार ठेवा, म्हणजे मध्ये पाणी साचणार नाही. रेग्युलेटर सेपरेटरच्या नंतरच हवा. ७-८ किलोला पाणी झडलेली हवा ४ ला उतरली की ती आपसूक कोरडी होते, तिचा दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास येतो. क्रम उलटा केला तर हा फायदा फुकट जातो.

टाकीखालचा ड्रेन दर वीस मिनिटांनी उघडा. आणि काम संपले की टाकी भरलेली ठेवू नका, आतून गंजते.

मांडवीतीर
सेपरेटर कॉम्प्रेसरलाच चिकटवलेला आहे, चूक कळली. ग्रिटही बादलीत उघडेच असते. ओले झालेले टाकून द्यायचे का?

दर्यावारो
टाकू नका. अल्युमिना पाणी पीत नाही, दाणे नुसते एकमेकांना चिकटतात. पत्र्याच्या ताटात बोटभर जाडीचा थर करून ओव्हनमध्ये ११० अंशांवर तासभर ठेवा, मधे एकदा परता. ताट आणि ओव्हन स्वयंपाकाचे नकोत. पूर्ण निवल्यावरच झाकणाच्या डब्यात भरा, गरम भरले तर डब्यात घाम सुटतो. आणि दर वापरानंतर ६० मेशच्या चाळणीतून काढा. तिची भोके पाव मिलिमीटरची, १२० ग्रिट सहज उतरते, विनाइलचे तुकडे आणि काचेचे कपचे वर राहतात. असा एक कपचा जेटच्या तोंडाशी अडकला तरी गन थुंकते आणि माणूस पाण्याला दोष देत बसतो.

हवेचा_दाब
सक्शनच्या आणखी दोन बाबी, कारण या गनचे निम्मे त्रास तिथले असतात. ग्रिटमध्ये खुपसलेल्या नळीला थोडी हवा आत घ्यायला वाट लागते. टोक नुसते ढिगात रुतले तर पोकळी तयार होते पण दाणा हलत नाही. ग्रिटच्या पातळीच्या वर नळीला ३ मिमीचे भोक पाडा आणि टेपने कमी-जास्त झाकून पाहा. मारा फिकट धुरासारखा दिसायला हवा. दोरीसारखा दाट दिसला तर ग्रिट जास्त, हवा कमी. दाणे वेगच घेत नाहीत आणि कापत नाहीत. आवाज मोठा आणि काचेवर काहीच नाही, तर ग्रिट कमी.

बादली गनपासून मीटरभराहून खाली नको. नळीला झोल नको, झोलात ग्रिट बसते. अडकलेच तर दाब २० पीएसआयवर आणून नोझलचे तोंड जाड रबराच्या तुकड्यावर टेकवा आणि क्षणभर ट्रिगर दाबा. हवा उलटी नळीतून बादलीत जाते आणि गाठ फुटते. हे उघड्या बोटाने कधीही करू नये, बादलीवर झाकणही हवे.

नोझल झिजलेले ओळखायला ड्रिलचे बिट वापरा. ४ मिमीच्या नोझलमध्ये साडेचारचे बिट सरकले की ते बाद. भोकाचे क्षेत्रफळ तोवर सव्वापट झालेले असते, पोकळी ढिली पडते, मारा पसरतो. सिरॅमिक अल्युमिनापुढे काही तासच टिकते. दोन पल्ल्यांच्या कामाला तीन-चार जवळ असू द्या, नाहीतर एक टंगस्टन कार्बाइडचे घ्या.

सत्तरीकर
एक प्रश्न. ग्रिट मिळवायला बेळगावच्या फौंड्रीवाल्यांच्या दुकानापर्यंत जावे लागते, नाहीतर मागवावे लागते. नदीची रेंव (वाळू) धुऊन, वाळवून, चाळून घेतली तर काच खरवडत नाही का? नावच सँडब्लास्ट आहे.

काचकाम_म्हापसा
खरवडते. पण कृपा करून वापरू नका, सत्तरीकर बाब. आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, धागा वाचणाऱ्या प्रत्येकासाठी लिहितो.

रेंव म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, स्फटिक सिलिका. काचेवर आपटून प्रत्येक दाणा फुटतो आणि त्यातली काही मायक्रॉनची धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचते, तिथे व्रण धरतात. सिलिकोसिस तो हाच. तो बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनी बंदी केली. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टने, ज्याची जागा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली, तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातला होता. घरच्या पडवीत कोणी तपासायला येणार नाही, म्हणून तर जास्त जपायचे.

कामाच्या दृष्टीनेही रेंव वाईटच. दाणा नदीत घासून गोल झालेला असतो, एकदा आपटला की चुरा, आणि आकार एकसारखा नसल्याने फ्रॉस्ट ठिपक्याठिपक्यांचा येतो. किनाऱ्याची असेल तर मीठ आणि शिंपल्यांचा चुरा वेगळाच. काचेची कठीणता मोजपट्टीवर साडेपाच ते सहा, क्वार्ट्झ सात, अल्युमिना नऊ, सिलिकॉन कार्बाइड साडेनऊ. अल्युमिना पुष्कळदा फिरवून वापरता येतो, म्हणजे शेवटी स्वस्त तोच पडतो. सिलिकॉन कार्बाइड अजून वेगाने कापतो. खोल कोरायचे असेल तर त्याचा खर्च भरून निघतो, नुसत्या फ्रॉस्टला गरज नाही.

अल्युमिना वापरला तरी नाका-तोंडाला मास्क हवाच. काचेची पूड स्फटिक सिलिका नसली तरी ती श्वासातून घ्यायची वस्तू नव्हे. आयएस ९४७३ चा एफएफपी२ किमान, त्याहून बरा पी१०० काडतुसांचा अर्धा मास्क. दाढी असेल तर मास्क बसत नाही, ही बाब कोणी मनावर घेत नाही. बंद गॉगल, कानात बोळे, पूर्ण बाह्या.

अंत्रुज
धूळ बाहेरही जाते हो. विहीर, तुळस, शेजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे. बलकांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसून गन चालवणे हा विचार सोडा.

काचकाम_म्हापसा
बरोबर. ९० सेंमीच्या पल्ल्यासाठी पेटीही ९० ची लागते असे वाटून बरेच जण उघड्यावर करतात. गरज नाही. १२ मिमी प्लायची ७५ × ६० × ६० ची पेटी करा. दोन्ही बाजूंना उभी फट ठेवा, ५० सेंमी उंच आणि ३ सेंमी रुंद, तिला दोन्हीकडून फोमची पट्टी किंवा दाट ब्रशची झालर. काच आडवी धरून एका फटीतून आत, दुसरीतून बाहेर सरकवत न्यायची. बाहेर आलेल्या टोकाला तेवढ्याच उंचीचा लाकडी आधार द्या, नाहीतर काचेचे वजन फटीच्या कडेवर येते.

पुढे बघायची काच, हातांसाठी १५ सेंमीची दोन भोके आणि त्यांना लांब रबरी मोजे. आत एलईडी दोन, एक समोरून आणि एक अगदी तिरका. तिरक्या उजेडात सुटलेला भाग लगेच दिसतो, समोरच्या उजेडात सगळेच पांढरे दिसते. तळ उतरता ठेवा, ग्रिट एका ठिकाणी जमते. मागून धूळ ओढायला व्हॅक्यूम, मधे सायक्लोनचा डबा (हवा गरगरवून जड दाणे खाली पाडणारा). गन जेवढी हवा आत सोडते त्यापेक्षा व्हॅक्यूमने जास्त ओढली पाहिजे, म्हणजे फटींतून हवा आतच येत राहते. उलट झाले तर प्रत्येक फट धूळ फुंकते.

आता मूळ प्रश्न, टफन. दुकानदाराचा सल्ला योग्य आहे, क्रम मात्र विचारून घ्या. टफन काचेच्या दोन्ही पृष्ठांवर जाडीच्या सुमारे एकपंचमांश इतका दाबाखालचा थर असतो आणि मध्ये ताण. ५ मिमीत तो थर मिलिमीटरभर. वरवरचा फ्रॉस्ट त्याच्या आत राहतो, तरी ताकद कमी होतेच. कोरीव खोल गेले आणि तो थर फुटला की अख्खा पल्ला क्षणात चुरा. टफन झाल्यावर कापणे, भोक पाडणे तर शक्यच नाही.

म्हणून साधी फ्लोट काच मापाने कापून घ्या, कडा घासून घ्या, बिजागरीची आणि मुठीची भोके पाडून घ्या, मग नक्षी करा आणि सगळ्यात शेवटी टफनिंगला द्या. देताना दोन गोष्टी सांगा: आयएस २५५३ प्रमाणे हवी, आणि खडबडीत बाजू भट्टीत वर ठेवावी, रोलरवर नको. देण्याआधी मास्कच्या गोंदाचा कण उरता कामा नये, भट्टीत तो जळून कायमचा डाग होतो.

देवघराला टफनच का, तर समईमुळे. साध्या काचेच्या दोन भागांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी ती तडकू शकते. टफन २०० अंशांचा फरक सोसते. समईची ज्योत काचेपासून वीतभर असली की हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

मांडवीतीर
देव बरें करूं. हा क्रम कोणीच सांगितला नव्हता. ॐ चा बिंदू आणि धूसर कडा यांचे काय?

कावीरेषा
ते मास्कचे दुखणे आणि थोडे नक्षीचेही.

बोर्डवाल्यांचे विनाइल साधारण ०.०८ मिमी असते आणि त्यातले बरेचसे कडक. सँडब्लास्टचा मास्क नरम लागतो. दाणा रबरावर आपटला की उडून परत जातो, कडक थरावर आपटला की त्याला खातो. फ्रॉस्टसाठी ०.१ ते ०.१५ मिमीचे नरम विनाइल ४५-५० पीएसआयला पुरते. खोल कोरायचे तर अर्धा मिमी किंवा जास्त जाडीचा सँडब्लास्ट रबर. घरातली कागदी मास्किंग टेप काठांवर झाकायलासुद्धा भरवशाची नाही, वापरायचीच तर तीन थर.

चिकटवताना काच स्पिरिटने पुसा, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमके तिथेच विनाइल सुटते. मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून फवारा, विनाइल त्यावर सरकवून जागेवर आणा आणि मधून बाहेर स्क्वीजी (पाणी काढायची सपाट पट्टी) ओढा. आता महत्त्वाचे: कोरड्या दिवसांत हे तासाभरात वाळते, पावसात रात्रभर ठेवा. कडेखाली ओल असताना मारा केला तर कड उचलते, दाणे आत शिरतात, आणि तुम्ही म्हणता तशी धूसर रेघ येते. घाई असेल तर पाणी न वापरता कोरडेच चिकटवा, बुडबुडा आला तर सुईने टोचा. बुडबुड्यावर मारा बसला की तिथे विनाइल फुटते.

नक्षी प्लॉटरवर (विनाइल कापणाऱ्या यंत्रावर) पाठवण्याआधी तपासा. तुमच्या नोझलला १.५ मिमीपेक्षा बारीक रेघ देऊ नका. ३ मिमीपेक्षा लहान सुटा ठिपका टिकत नाही. बिंदू चार-पाच मिमीचा करा, किंवा उलट विचार करा: बिंदू पांढरा ठेवायचा असेल तर तो मास्कमधले भोक होतो, उडायचा प्रश्नच नाही. टोकदार कोपरे अर्ध्या मिमीने गोल करा, अणकुचीदार टोक सर्वात आधी उचलते.

आणि एक सुचवू? कावी पाहा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्यावर लाल कावेचा थर देऊन, तो रेषेरेषेने खरवडून पांढरी नक्षी काढलेली असते. दोनच रंग, छटा नाहीत, भरलेले आणि रिकामे यांचा तोल रेषेतच साधलेला. सँडब्लास्टची भाषा अगदी तीच आहे. छायाचित्रावरून काढलेली जास्वंद काचेवर पुसट होते, कावीची वेल दहा हातांवरून वाचता येते. कठडा म्हणून खाली पट्टी हवी असेल तर आपल्या जुन्या खिडक्यांतल्या शिंपल्यांच्या चौकटींचा जाळीदार नमुना घ्या. फ्रॉस्टमधून येणारा उजेडही तसाच दुधाळ असतो, दोन्ही एकत्र शोभतात.

सत्तरीकर
रेंवेचा विचार सोडला. गन धरायची कशी तेही कोणीतरी लिहा.

काचकाम_म्हापसा
फ्रॉस्टसाठी १५ ते २० सेंमी अंतर, काचेला काटकोनात. तिरका मारा मास्कच्या कडेखाली घुसतो. हात स्प्रे रंगवताना फिरतो तसा: आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला, आणि ट्रिगर सोडायचा तो नक्षीच्या बाहेर. मग तेवढाच भाग उभ्या पट्ट्यांनी. एका जागी थांबलात की खळगा पडतो. दाब २ मिमी जेटला ५०, १२० ग्रिटला. जास्त मऊ, रेशमी पोत हवा असेल तर १८० किंवा २२०. पण बारीक ग्रिट दमट हवेत लवकर गोळा होते, म्हणून पावसात १२० किंवा १५० च बरे.

तपासणी कोरड्या काचेवर करा. ओल्या काचेवर फ्रॉस्ट नाहीसा होतो आणि सुटलेले काही दिसत नाही. मागे काळे कापड धरा, बाजूने टॉर्च मारा. मास्क काढण्यापूर्वी हे करायचे, काढल्यावर दुरुस्ती नाही.

काचेखाली रबर मॅट घातलेली प्लाय द्या. कडेपासून आणि भोकांपासून २५ मिमी मोकळे ठेवा, काच तडकायला सुरुवात तिथूनच करते.

छटा हव्या असतील तर समईच्या ज्योतीभोवतीचा मंद उजेड मास्कशिवाय, हाताने देता येतो. दाब २० पीएसआय, अंतर ३० सेंमी, हात सतत चालता. कमीच करा. दोन पल्ल्यांवर एकसारखी आभा जुळवणे कठीण, म्हणून ज्योत एकाच पल्ल्यावर असेल अशी नक्षी बांधली तर बरे.

अंत्रुज
८-१० मिमी काचेत मागून खोल कोरून समोरून उठावाची दिसते ती पद्धत या कामाला चालेल का?

काचकाम_म्हापसा
५ मिमीत नको. पद्धत सुंदर आहे, तेव्हा लिहून ठेवतो. काच १० किंवा १२ मिमी, रबर मास्क, ग्रिट ८० ते १००, अंतर ५ ते ८ सेंमी. नक्षीचे भाग सुटे कापलेले असतात आणि ते क्रमाने सोलायचे. समोरून जे सर्वात पुढे आलेले दिसायला हवे ते सर्वात आधी सोलून सर्वात खोल न्यायचे, मग त्याच्या मागची पाकळी, शेवटी देठ आणि पाने वरवर. क्रम उलटला तर फूल आत बसल्यासारखे दिसते आणि दुरुस्त होत नाही. खोली जाडीच्या एकतृतीयांशाच्या आत ठेवा. अशी काच टफन करायची असेल तर भट्टीवाल्याला नक्षी दाखवून आधी विचारा, जाडी असमान असली की ती भट्टीतच फुटू शकते. आणि सक्शन गनने हे काम फार रेंगाळते, त्याला प्रेशर पॉट (ग्रिट दाबाने ढकलणारी टाकी) हवे.

हे दाण्यांच्या माऱ्याचे तंत्र १८७० चे, फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांच्या पेटंटचे. कठीण काच खायची आणि मऊ रबर सोडायचे, हा स्वभाव तेव्हापासून तसाच आहे. तो उमजला की मास्क आणि दाब दोन्हींचे निर्णय सोपे होतात.

सत्तरीकर
दुकानात काचेवर लावायची ॲसिड पेस्ट मिळते. गनची खटपटच नको, असे नाही का?

दर्यावारो
छोट्या अक्षरांना चालते, एवढ्या भागाला नाही. पेस्ट एकसारखी पसरत नाही, ब्रशचे फटकारे दिसतात, आणि खोली नावालाच. तिच्यात फ्लोराइडची रसायने असतात. कातडीवर लागले तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत उतरत जाते. रबरी मोजे, गॉगल आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय डबा उघडू नये. धुतलेले पाणी विहिरीकडे जाणार नाही हेही बघावे लागते.

मांडवीतीर
जेट २ मिमी, नोझल ४ मिमी केले. दाब ५० ला ठेवला तर कॉम्प्रेसर मधूनमधून बंदही होतो, म्हणजे हवा पुरते. वेटोळे बादलीत टाकून सेपरेटर पुढे नेला, अर्ध्या तासात सेपरेटरमध्ये दोन बोटे पाणी जमले. थुंकणे थांबले. नरम विनाइल मागवले आहे. आता प्रश्न बाजूचा: खडबडीत बाजू आत की बाहेर?

कावीरेषा
बाहेर. आत समईची काजळी आणि तेल. फ्रॉस्टमध्ये तेल शिरले की पिवळट डाग बसतो आणि पुसून जात नाही. गुळगुळीत बाजू आतून असली तर ओल्या कापडाने निघते.

अंत्रुज
इथे मत वेगळे. बाहेरून दिवसातून दहा वेळा हात लागतो. हाताचे तेलही तेलच. शिवाय समोरून गुळगुळीत काचेतून पाहिलेली नक्षी जास्त उठून दिसते.

काचकाम_म्हापसा
दोघांचेही बरोबर, तेव्हा निर्णय मूठ कुठे आहे त्यावर करा. मूठ नक्षीपासून हातभर दूर असेल तर खडबडीत बाजू बाहेर. काजळी रोजची, हात कधीमधी. आणि कुठल्याही बाजूला ठेवलीत तरी फ्रॉस्ट ग्लाससाठी मिळणारा पारदर्शक सीलर टफनिंगनंतर लावा, आधी नव्हे; भट्टीत तो राहत नाही. त्याआधी काच साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. फ्रॉस्टच्या खाचांत ओल राहिली तर सीलरखाली धुके अडकते, आणि आपल्या हवेत ते नुसत्या पंख्याखाली वाळत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा दहा मिनिटे, मग काच निवू द्या, मग सीलर.

गोंद काढायला रॉकेल किंवा टर्पेंटाइन, त्यावर साबण, त्यावर स्पिरिट. ब्लेड फ्रॉस्टवर चालवू नका, धातूच्या काळ्या रेघा उमटतात.

मांडवीतीर
म्हणजे खडबडीत बाजू बाहेर. शेवटचे एक: प्लॉटरवाला विचारतोय, ॐ उलटा कापायचा का?

कावीरेषा
नाही. खडबडीत बाजू पाहणाऱ्याकडे आहे, म्हणजे मास्क समोरूनच चिकटणार, सरळच कापा. खडबडीत बाजू आत ठेवली असती किंवा मागून कोरले असते तर उलटा. आणि दोन्ही पल्ल्यांची वेल एकमेकींचे प्रतिबिंब हवी असेल तर ती फाइलमध्येच फिरवून द्या, विनाइल उलटे चिकटवता येत नाही. फाइल देताना प्रत्येक पल्ल्यावर "बाहेरची बाजू, वर" असे नक्षीबाहेर लिहून कापून घ्या. बिजागऱ्यांची भोके आधी पाडलेली असतील, तेव्हा डावा-उजवा चुकला तर काचच बदलावी लागेल.